काचेला घसारा नसतो

फोन म्हणाला, जागा नाही.
नेमकं तेव्हाच, जेव्हा रेवा पाथर्डी फाट्याच्या आमच्या गल्लीत
पहिल्यांदा कुणी न धरता
आठ-दहा फूट सायकल चालवत गेली
आणि गटाराच्या झाकणापाशी आडवी झाली.
ते आता कुठेच नाही.
तिच्या गुडघ्यावर आहे थोडं.

दुसऱ्या दिवशी एमजी रोडवरून हार्ड डिस्क आणली,
काळी, साबणाच्या वडीएवढी.
दुकानदार म्हणाला, साहेब, आयुष्यभराचं मावेल यात.
मी विचारलं, वॉरंटी?
तीन वर्षं.

रात्री जेवणं उरकल्यावर टेबल पुसलं.
लॅपटॉपच्या एका अंगाला फोन, दुसऱ्या अंगाला डिस्क,
सलाईन लावून बसवल्यासारखी.
बावीस हजार चारशे सहा.
त्यातले एकोणीस हजार चेपलेल्या गाड्यांचे.
धंदाच तो माझा, विम्याचा सर्व्हेअर.
द्वारकेचा चौक, विल्होळीचा उतार, कसाऱ्याचं धुकं;
बंपर, बॉनेट, रेडिएटर, चॅसी नंबर.
प्लास्टिक-रबराला पन्नास टक्के घसारा,
फायबरला तीस,
पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे.
काचेला नाही.
का नाही, ते अठरा वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही
आणि मीही विचारलेलं नाही.

हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती.
मी उगाच एकेक फोल्डर उघडत बसलो
आणि दिसायला लागला
तो हात.
टेप धरलेला. टॉर्च धरलेला.
नंबरप्लेटवरचा चिखल पुसणारा.
करंगळीचं नख काळं पडलेलं.
बिलाल अन्सारी, क्रेनवाला.
सहा वर्षं माझ्या फोटोंत मोजपट्टी धरून उभा राहिला
आणि दर वेळी मी म्हणालो,
जरा बाजूला हो, फ्रेममध्ये येतोयस.
तो बाजूला व्हायचा.

एकोणीस हजारांत त्याचा चेहरा नाही.
एका काळ्या बॉनेटवर सावली,
एका साइड मिररमध्ये कान.
गेल्या चैत्रात क्रेन विकून तो मालेगावला गेला,
भावाच्या मागावर.
त्याचा नंबर लावला की एक बाई
तीन भाषांत सांगते, अस्तित्वात नाही.

अडतीस टक्क्यांवर पट्टी अडली.
एक फाइल वाचता येत नाही.
पुन्हा प्रयत्न करा. वगळा. रद्द करा.
चौदा सेकंदांचा व्हिडिओ, चुकून बटण दाबलं गेलेला.
पुन्हा केलं. केबल बदलली. पिनेवर फुंकर मारली,
जशी वडील टेपरेकॉर्डरवर मारायचे.
नाहीच.

फोनवर मात्र बिनतक्रार चालला:
डांबर, माझा बूट, मागून जाणारा ट्रक,
मग सगळं तिरकं होऊन वर जातं
आणि तो.
मिशी नाही. मला वाटत होतं, आहे.
फोनच्या काचेवरचा जुना तडा
त्याच्या गालावरून हनुवटीपर्यंत.
दरवाज्याच्या पोच्यात टेप लावून, हसत विचारतो,
साहेब, हात काढू का आता?
तिथे संपतो.
मी काय म्हणालो, ते पंधराव्या सेकंदात असणार.

वगळा दाबलं.
सव्वातीनला बाकी सगळं पलीकडे पोचलं.
दोनदा मोजलं, मग अलीकडचं पुसलं.

सकाळी रेवा फोन चाळून म्हणाली,
बाबा, यात काहीच नाहीये,
एक काका आहेत फक्त.
असू दे म्हटलं, सायकल काढ.

खिशात फोन, एकशे नऊ जीबी मोकळा.
मी सीट मागून धरलेली.
खपली तिनं कालच उचकटलीय.
वळून न बघता ती विचारते,
सोडलास का?